आलू, बटाटा आणि पोर्तुगीज

वर्ध्याचा माणूस पुण्याच्या मंडईत ‘आलू कसे दिले?’ म्हणतो आणि लगेच ऐकून घेतो, ‘बटाटा म्हणा हो, मराठीत बोला.’ मीही ऐकून घेतलंय. गंमत अशी की ‘आलू’ संस्कृतातल्या कंदवाचक ‘आलु’वरून आलेला, आणि ‘बटाटा’ चक्क पोर्तुगीज! बादली की बाल्टी, चावी की आपल्याकडची चाबी, हे वाद तर फुकाचेच. दोन्ही जोड्यांचं मूळ तिकडचंच. घमेलं, पगार, तुरुंगही त्यातलेच. आपल्या जिल्ह्यावर पोर्तुगीजांचं राज्य कधीच नव्हतं, आधी नागपूरकर भोसले आणि मग इंग्रज. तरी घमेलं घरोघरी आहे.

गोव्याला निघालेल्यांना पावाची व्युत्पत्ती हटकून सांगितली जाते: पायानं पीठ तुडवतात म्हणून पाव, नाहीतर पाव हिस्सा म्हणून पाव. दोन्ही थापा. पोर्तुगीजात ब्रेडला ‘पांव’सारखाच शब्द आहे, बस्स. खमीर मिळेना तेव्हा गोव्यातल्या भट्टीवाल्यांनी माडीनं पीठ फुगवलं. पाववाल्याला तिथं पोदेर म्हणतात. सायकलला मागं टोपली, वर प्लास्टिकचं आच्छादन, आणि भोंग्याचा पों-पों. तो ऐकायचा तर किनाऱ्यावरचं रिसॉर्ट सोडून गावात मुक्काम करा.

‘साडेचारशे वर्षं पोर्तुगीज होते, मग एवढी देवळं उरली कशी?’ हाही नेहमीचा प्रश्न. सगळा गोवा एवढी वर्षं त्यांच्याकडे नव्हताच. १५१० मध्ये तिसवाडी गेली, पुढे बारदेश आणि साष्टी. फोंडा, सत्तरी, पेडणे त्यांच्या हाती लागले थेट अठराव्या शतकात. म्हणून तर कुठ्ठाळीचा मंगेश आणि केळशीची शांतादुर्गा जुवारी ओलांडून फोंड्याच्या बाजूला आली. जुन्या गोव्यातली चर्चेस बघून परतणाऱ्यांचा हा अर्धा गोवा राहून जातो.

आणि मिरची? विदर्भाच्या तर्रीचा अभिमान बाळगताना हे पचायला जड जातं, पण वास्को द गामा १४९८ मध्ये कालिकतला उतरला तेव्हा भारतात मिरची नव्हती. तिखटपणा मिरी-पिंपळीचा होता. मिरचीचं नावही मिरीवरूनच पडलं. एकादशीची साबुदाण्याची उसळ घ्या: साबुदाण्याचा कंद, शेंगदाणे, आलू, मिरची, चारही मूळचे अमेरिका खंडातले. फोडणीच्या डब्यातली हळद मात्र खुशाल आपली म्हणा, त्यातही समुद्रपूर तालुक्यातल्या वायगावची असेल तर भौगोलिक मानांकनासकट.