फुंडीच्या टेबलावर

२०२१ च्या उन्हाळ्यात ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर हे नाव महाराष्ट्रातल्या घराघरांत पोचलं. परदेशातल्या मराठी मंडळींनी वर्गण्या काढल्या, यंत्रं पाठवली, ती तालुक्याच्या दवाखान्यांत उतरली. कोरोनाची लाट ओसरल्यावर ‘बाहेरून आलेलं यंत्र बंद पडलं की पुढे काय होतं, यावर लिहा,’ असं संपादकांनी सांगितलं. या प्रश्नाशी दीर्घकाळ झुंजणारी माणसं पूर्व आफ्रिकेत भेटतील असं वाटलं, म्हणून मी उत्तर टांझानियातल्या एका ग्रामीण जिल्हा रुग्णालयात गेलो.

तिथे दोन परदेशी विद्यार्थी दुरुस्तीचं काम करत होते. त्यांना पाठवणाऱ्या संस्थेचं नाव इंजिनिअरिंग वर्ल्ड हेल्थ. रॉबर्ट माल्किन आणि मोहम्मद कियानी या बायोमेडिकल इंजिनिअरिंगच्या दोन प्राध्यापकांनी २००१ मध्ये ती अमेरिकेत सुरू केली. उन्हाळ्याच्या सुट्टीत इंजिनिअरिंगचे विद्यार्थी स्वखुशीनं येतात. पहिला महिना स्थानिक कुटुंबात राहून स्वाहिली शिकायची आणि दुरुस्तीवर हात बसवायचा. दुसऱ्या महिन्यात एखाद्या ग्रामीण रुग्णालयात जाऊन बंद यंत्रं उघडायची. या दोघांची जिद्द मला आवडली. पण माझं लक्ष खिळलं ते त्यांच्या शेजारी उभ्या असलेल्या माणसावर.

तो रुग्णालयाचा फुंडी, म्हणजे मिस्त्री. सगळे त्याला याच नावानं हाक मारतात. धुलाईघरामागच्या एका खोलीत त्याचं टेबल. त्यावर मल्टिमीटर, सोल्डरिंगची बंदूक, पक्कड, आणि एका डब्यात जुन्या यंत्रांमधून काढून जपलेले स्क्रू, फ्यूज, वायसर. भिंतीला टेकून रक्तदाबाची यंत्रं, एक सक्शन पंप, काच नसलेला इन्क्युबेटर. ऑपरेशन थिएटरचा दिवा तोच बघतो, आणि गळका नळ, जनरेटर, खाटेचं चाकही तोच.

आम्ही बोलत असताना मुलांच्या वॉर्डातून सिस्टर आल्या. कॉन्सन्ट्रेटर चालू आहे, आवाज नेहमीसारखा येतोय, पण बाळाचं ऑक्सिजनचं प्रमाण चढत नाही, अशी त्यांची तक्रार. बाळाला तात्पुरतं सिलिंडरवर घेतलं होतं. फुंडीनं यंत्र टेबलाजवळ ओढलं.

या यंत्राची मजा अशी, की ते ऑक्सिजन तयार करत नाही, हवेतला वेगळा काढतं. हवेत सुमारे ७८ टक्के नायट्रोजन आणि २१ टक्के ऑक्सिजन. कॉम्प्रेसर ती हवा दाबून झिओलाइट भरलेल्या नळकांड्यात सोडतो. झिओलाइटचे बारीक दाणे दाबाखाली नायट्रोजन धरून ठेवतात आणि ऑक्सिजन पुढे जातो. दाणे नायट्रोजननं भरत आले की व्हॉल्व्ह फिरतो, हवा दुसऱ्या नळकांड्यात जाते, आणि पहिल्यातला दाब सुटून नायट्रोजन फुस्स करून बाहेर पडतो. दर काही सेकंदांनी हा पाळीबदल चालतो. सारं नीट असेल तर नळीतून ९० टक्क्यांहून जास्त शुद्ध ऑक्सिजन मिळतो. वीज लागते साधारण ३५० वॉट, सिलिंडर भरून आणायला ट्रक लागत नाही. खेड्यातल्या रुग्णालयाला याहून सोयीचं साधन सापडणं अवघड.

पण शुद्धता घसरली तरी यंत्र तसंच घुरघुरत राहतं. नळीतून वारा येतो, प्रवाह दाखवणारी गोळी वर तरंगते, आणि बाळाला मिळते जवळजवळ साधी हवा. धोक्याचा दिवा असतो, पण जुन्या यंत्रात तोच आधी गेलेला असतो.

फुंडीनं पेल्यात पाणी घेतलं, नाकात लावायच्या नळीचं टोक त्यात बुडवलं आणि बुडबुडे पाहिले. अगदीच कमी. त्याचं बोट नळीवरून मागे सरकत ओलावा देणाऱ्या बाटलीपाशी थांबलं. झाकणाचे आटे झिजले होते, निम्मा वायू तिथूनच निसटत होता. डब्यातला वायसर बसवल्यावर बुडबुडे जोरात आले. त्या दोघांतल्या विद्यार्थिनीनं तिच्याकडचा शुद्धता मोजणारा मीटर लावला. ७१ टक्के. म्हणजे दुखणं आणखी आत होतं. मागची स्पंजची गाळणी काढली, ती तांबड्या धुळीनं आणि कापसाच्या तंतूंनी गच्च झाली होती. गाळणी धुवायला दिली, कवच उघडलं आणि नळ्यांच्या जोडांवर साबणाचा फेस लावला. नळकांड्याकडे जाणाऱ्या एका जोडावर फेस फुगला. पट्टी आवळली, वाळलेली गाळणी बसवली, यंत्र थोडा वेळ चालू दिलं. आकडा हळूहळू ९२ वर जाऊन थांबला. पाणी, साबण, एक वायसर, एक स्क्रूड्रायव्हर. बाहेरून काहीच आणावं लागलं नाही.

हा योगायोग नव्हे. माल्किन आणि त्यांच्या सहकाऱ्यानं २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ११ देशांतल्या ६० रुग्णालयांची नोंद आहे. बंद पडलेल्या २,५२९ यंत्रांपैकी १,८२१, म्हणजे ७२ टक्के, परदेशी सुटे भाग न आणता पुन्हा सुरू झाली. नोंदलेल्या दुरुस्त्यांपैकी २५ टक्क्यांमध्ये यंत्र नीट जोडून देणं किंवा वापरणाऱ्याला शिकवणं एवढंच पुरलं, १९ टक्के काम नळ्या आणि गळतीचं होतं. १०७ साधी कौशल्यं शिकलेला माणूस बंद यंत्रांपैकी ६६ टक्के सुरू करू शकतो, असा त्यांचा निष्कर्ष आहे.

त्यातून काय साधतं? २०१९ मध्ये जगात पाच वर्षांखालची सुमारे ७ लाख ४० हजार मुलं न्यूमोनियानं दगावली. पापुआ न्यू गिनीतल्या पाच रुग्णालयांत कॉन्सन्ट्रेटर, ऑक्सिमीटर आणि ते वापरण्याचं व राखण्याचं शिक्षण एकत्र दिलं, तेव्हा न्यूमोनियाच्या मुलांमधला मृत्यूचा धोका ३५ टक्क्यांनी घटला. २००८ मध्ये ‘लॅन्सेट’नं तो अभ्यास छापला.

मात्र फुंडीच्या खोलीत हताश करणाऱ्या गोष्टीही आहेत. कोपऱ्यात दुसरा कॉन्सन्ट्रेटर होता, कोणीतरी दान दिलेला. तो वापराविना कोठारात पडून राहिला आणि पावसाळ्यात झिओलाइटनं ओल धरली. एकदा ओल धरली की ते दाणे नायट्रोजन धरेनासे होतात. नळकांडी बदलणं हाच उपाय, आणि ती कंपनीकडूनच मागवावी लागतात. शेजारचं यंत्र अमेरिकेतल्या १२० व्होल्टवर चालणारं, इथल्या २३० व्होल्टला जोडताच जळालेलं. एकाही यंत्राबरोबर दुरुस्तीचं पुस्तक आलेलं नाही. यंत्रं वेगवेगळ्या कंपन्यांची, म्हणून एकाचा भाग दुसऱ्याला बसत नाही. वीज दिवसातून कितीदा तरी जाते. ती गेली की कॉन्सन्ट्रेटर बंद, आणि परतताना व्होल्टेज उसळलं तर सर्किट जातं. स्टॅबिलायझर हवा, राखीव सिलिंडर हवा. दान देणाऱ्यांच्या यादीत हे दोन्ही नसतात.

माल्किन आणि एका सहलेखिकेनं २०११ मध्ये गरीब देशांमधल्या १,१२,०४० यंत्रांच्या नोंदी तपासल्या. त्यातली ३८.३ टक्के बंद होती. कारणं तीन: प्रशिक्षण नाही, देखभालीची व्यवस्था नाही, वीज-पाण्याची सोय धड नाही. ही तिन्ही कारणं पाहुण्यानं येऊन दूर होणारी नाहीत. विद्यार्थी महिनाभर राहतील, यंत्रं चालू करतील, परत जातील. शुद्धतेचा मीटर त्यांच्याबरोबर जाईल. पुढच्या वेळी यंत्राची शुद्धता घसरली तर फुंडीकडे पाण्याचा पेला उरेल, आणि बुडबुडे नुसता वायूचा प्रवाह दाखवतात, तो किती शुद्ध आहे हे सांगत नाहीत.

ही मर्यादा संस्थेनंही ओळखली. २००९ मध्ये जनरल इलेक्ट्रिकच्या प्रतिष्ठानाच्या मदतीनं तिनं रवांडात स्थानिक तंत्रज्ञांसाठी प्रशिक्षण सुरू केलं. मला हाच रस्ता खरा वाटतो. पण शिकलेल्या माणसाला सरकारी पद हवं, नियमित पगार हवा, वायसर आणि फ्यूज घ्यायला हाताशी थोडे पैसे हवेत. नाहीतर चांगला शिकलेला तंत्रज्ञ शहरातल्या खासगी रुग्णालयात जातो आणि खेड्यातलं टेबल पुन्हा रिकामं होतं.

आणखी काय पाठवू, असं विद्यार्थिनीनं विचारलं तेव्हा फुंडीनं एकही यंत्र मागितलं नाही. ‘मीटर इथेच ठेवा, आणि माझ्या हाताखालच्या मुलाला शिकायला पाठवा,’ तो म्हणाला. दान देणाऱ्या प्रत्येकानं हे ऐकायला हवं. यंत्राच्या किमतीत ते सांभाळणाऱ्याचा काही वर्षांचा पगार आणि शिक्षणाचा खर्च धरायचा नसेल, तर ते यंत्र पाठवूच नये. तोच पैसा माणसावर घालावा, कारण आधीच येऊन पडलेली यंत्रं तो चालू करेल.