साठी, साखर आणि स्मृति



'साठी बुद्धि नाठी' ही म्हण आपल्या घरांतून इतकी रुळली आहे कीं, वडील माणसाची विस्मृति हा एखादा विकार असूं शकेल, अशी शंकाहि कोणास येत नाहीं. मी स्वतः साठी ओलांडलेली असल्यामुळें या म्हणीविरुद्ध बोलण्याचा मला थोडासा अधिकार आहे. हृदयविकार आणि त्याच्या जोडीला मधुमेह असलेल्या माणसांच्या घरीं तर ही म्हण फारच घातक ठरते.

मेंदूचें वजन शरीराच्या वजनाच्या सुमारें २ टक्के. परंतु शरीर स्वस्थ असतांना लागणाऱ्या प्राणवायूपैकीं सुमारें २० टक्के तो एकटाच खर्च करतो. शिल्लक ठेवण्याची सोय त्याच्यापाशीं जवळजवळ नाहींच. हृदय दुबळें झालें कीं या पुरवठ्याला धक्का बसतो. मधुमेह दुसऱ्या टोकाकडून काम करतो. रक्तांतील साखर वर्षानुवर्षें वाढलेली राहिली म्हणजे मेंदूच्या आंतल्या भागांतील सूक्ष्म रक्तवाहिन्या जाड व ताठर होतात. पंप कमजोर आणि नळहि अरुंद! मग मेंदूंत ठिकठिकाणीं लहान लहान घाव पडूं लागतात. हात लुळा पडत नाहीं, तोंड वांकडें होत नाहीं. म्हणून कोणाला पत्ताहि लागत नाहीं.

स्वीडनमध्यें जुळ्या भावंडांची एक मोठी नोंदवही आहे. तींतील १७ हजारांहून अधिक वृद्धांच्या पाहणीचा निष्कर्ष २०२२ सालीं प्रसिद्ध झाला. मधुमेह, हृदयविकार व पक्षाघात यांपैकीं दोन किंवा अधिक व्याधि ज्यांना होत्या, त्यांच्यांत स्मृतिभ्रंशाचा धोका सुमारें दुप्पट आढळला. दुप्पट धोका म्हणजे निश्चिति नव्हे, एवढें मात्र जुन्या मास्तरानें बजावून सांगितलें पाहिजे.

रक्तपुरवठ्याच्या बिघाडानें होणाऱ्या स्मृतिभ्रंशाचा आरंभ पुष्कळदां नांवें विसरण्यानें होत नाहीं. विचार मंदावतो, कामाचा क्रम चुकतो. माझ्या एका सहाध्यापकांना जुन्या विद्यार्थ्यांचीं नांवें अखेरपर्यंत पाठ होतीं. परंतु दुधाचा जो हिशेब ते चाळीस वर्षें लिहीत आले, तो जमेनासा झाला. घरच्यांनीं तें हंसण्यावारी नेलें. पुढें उघडकीस आलें कीं, गोळ्यांचाहि तसाच घोळ चालला होता. सकाळची गोळी कधीं दोनदां, कधीं मुळींच नाहीं. ज्या बुद्धीनें हे रोग आवरावयाचे, तीच त्यांनीं पोखरलेली!

मग साखर जितकी कमी तितकें बरें काय? तसें नाहीं. अमेरिका व कॅनडा येथें 'अकॉर्ड' नांवाचा एक प्रयोग झाला. हृदयविकार असलेले किंवा त्याचा मोठा धोका असलेले १० हजारांहून अधिक मधुमेही त्यांत होते. साखर फार कडकपणें उतरविलेल्या गटांत मृत्यु अधिक झाले, म्हणून २००८ सालीं तो उपचार थांबवावा लागला. आणि २०११ च्या अहवालांत त्या गटाची स्मरणशक्ति इतरांहून सरस आढळली नाहीं.

साखर एकाएकीं फार उतरणें हेंहि मेंदूला बाधकच. इन्शुलिन किंवा कांहीं विशिष्ट गोळ्या घेणाऱ्या आजोबांनीं एकादशी केली आणि औषध मात्र नेहमींप्रमाणें घेतलें, तर दुपारीं घाम सुटून ते असंबद्ध बोलूं लागतात. घरचीं माणसें म्हणतात, उपासानें थकले असतील, पडूं द्या. पडूं देऊं नये! नीट गिळतां येत असेल तर तीन चमचे साखर पाण्यांतून ताबडतोब द्यावी. येत नसेल तर तोंडांत कांहींहि न घालतां रुग्णालयांत न्यावें.

गोळ्या मोजण्याचें काम घरांतील दुसऱ्या कोणीतरी अंगावर घ्यावें, आणि या वयाला साखर किती असावी हें डॉक्टरांना स्पष्ट विचारावें. हृदयाच्या तपासणीस जाल तेव्हां स्मृतीचीहि चाचणी करावयास सांगावें. घड्याळाचें चित्र काढून त्यांत अकरा वाजून दहा मिनिटें दाखवा, अशा तऱ्हेचे साधे प्रश्न तींत असतात. 'मला कांहीं झालेलें नाहीं' असें रुग्ण हटकून म्हणेल. सोबत जाणारानें हिशेबाची वही बरोबर न्यावी.