सुट्टी तीन दिवसांची, प्रवास दोन रात्रींचा : पुण्यात शिकणारी पोरं सणाला गावी का येत नाहीत?

मेहकर : दसरा आला, सोयाबीन सोंगणीला आलं अन् पुण्यात शिकणारं पोरगं काही घरी आलं नाही. गावात चौकशी सुरू होते. "काहून नाही आला? कॉलेजला तर सुट्टी आहे म्हणे." आईचा जीव खालीवर होतो, बापाला वाटतं पोराला शहराची हवा लागली. मेहकर, लोणार, सिंदखेडराजा, चिखली या तालुक्यांतली शेकडो पोरं-पोरी आज पुण्यात शिकतात. त्यातली कितीतरी छोट्या सुट्टीत हॉस्टेलवरच थांबतात. का थांबतात, तिथं त्यांचं काय होतं आणि यायचंच ठरवलं तर पैसे कुठं वाचतात, हे घरच्यांनी एकदा समजून घेतलेलं बरं.

पहिली गोष्ट अंतराची. मेहकर ते पुणे जालना, छत्रपती संभाजीनगर, अहिल्यानगर मार्गे पावणेचारशे ते चारशे किलोमीटर आहे. एसटीनं नऊ-दहा तास धरायचे, सणाच्या गर्दीत त्याहून जास्त. समृद्धी महामार्ग आपल्या वावरातून गेला खरा, पण तो मुंबईला जातो. पुण्याच्या पोराला त्याचा उपयोग फार तर जालना-संभाजीनगरपर्यंत. आता हिशेब करा. शुक्रवारी कॉलेज सुटल्यावर संध्याकाळची गाडी धरली तर शनिवारी पहाटे-सकाळी मेहकर. तिथून गावाची गाडी मिळेपर्यंत नऊ-दहा वाजतात. सोमवारी सकाळचं लेक्चर असेल तर रविवारी संध्याकाळी परत निघायचं. म्हणजे घरी दीड दिवस. त्यातला अर्धा दिवस झोपेतच जातो. सलग तीन दिवसांची सुट्टी असली तरी हाती लागतात दोन-अडीच दिवस, आणि दोन रात्री गाडीत.

रेल्वेचं म्हणाल तर आपल्या घाटावरच्या तालुक्यांना ती नाहीच. खामगाव-जालना रेल्वेमार्गाची मागणी इंग्रजांच्या काळापासूनची, अजून रूळ पडले नाहीत. शेगाव, नांदुरा, मलकापूर या बाजूच्या पोरांना महाराष्ट्र एक्स्प्रेस सरळ पुण्याला नेते. मेहकर-लोणारच्या पोरानं आधी एसटीनं शेगाव किंवा जालना गाठायचं अन् मग रेल्वे, म्हणजे पुन्हा वेळेचाच प्रश्न.

सण इकडचा, सुट्टी तिकडची

इथं घरच्यांचा सगळ्यात जास्त घोळ होतो. आपल्याकडं पोळा म्हणजे मोठा सण. गावातली शाळा बंद असते, म्हणून आईला वाटतं पुण्याचं कॉलेजही बंद असेल. तसं नसतं. काही स्थानिक सुट्ट्या जिल्हाधिकारी आपापल्या जिल्ह्यापुरत्या जाहीर करतात, त्या सगळीकडं सारख्या नसतात. पुणे जिल्ह्याच्या काही भागात तर बैलपोळा भाद्रपदात होतो, तेव्हा श्रावण अमावस्येला तिथं कॉलेज नेहमीसारखं भरलेलं असतं. उलट पोळ्यानंतर चार-पाच दिवसांत गणपती बसतात आणि तिकडची बरीच कॉलेजं तेव्हा थोडे दिवस सुट्टी देतात. आपल्याकडं महालक्ष्म्यांचं जेवण त्याच आठवड्यात असतं. म्हणून पोराला पोळ्याला बोलावण्याचा हट्ट करण्यापेक्षा महालक्ष्म्यांना बोलावलं तर त्याचं लेक्चर बुडत नाही.

लेक्चर बुडलं तर काय बिघडतं, असं गावाकडं वाटणं साहजिक आहे. पण बहुतेक ठिकाणी 75 टक्के हजेरीची अट असते. इंजिनिअरिंग, फार्मसी, नर्सिंगला प्रॅक्टिकल असतात, जर्नलवर सही घ्यायची असते, अंतर्गत परीक्षेचे मार्क असतात. ही अंतर्गत परीक्षा बऱ्याचदा दसऱ्याच्या आगेमागे येते, नेमकी सोंगणीच्या हंगामात. सोंगणीला मजूर मिळत नाही, मिळाला तर भाव परवडत नाही आणि पाऊस डोक्यावर असतो. अशा वेळी घरचा एक माणूस वाढला तर फरक पडतो, हे कोणी नाकारत नाही. पण दोन दिवसांसाठी आलेलं पोरगं रात्रभर गाडीत बसून आलेलं असतं. ते एक दिवस वावरात जाणार अन् दुसऱ्या दिवशी संध्याकाळी परत निघणार. एका दिवसाच्या कामासाठी त्याच्या येण्या-जाण्याचं भाडं मजुराच्या रोजापेक्षा जास्त होतं. पोरं हा हिशेब करतात, फक्त बापाला तोंडावर सांगत नाहीत.

भाड्याचा हिशेब

25 जानेवारी 2025 पासून एसटीचं भाडं 14.95 टक्क्यांनी वाढलं. तेव्हापासून साध्या बसला 6 किलोमीटरच्या एका टप्प्याला 10 रुपये 5 पैसे पडतात. मेहकर-पुण्याचे चौसष्ट-पासष्ट टप्पे धरले तर एका बाजूचे साडेसहाशेच्या आसपास, जाऊन-येऊन तेराशे. निमआराम किंवा शिवशाही गाडीला त्याहून जास्त. पुण्यात महिन्याची मेस तीन हजारांच्या आसपास पडते, म्हणजे एका फेरीत जवळजवळ अर्ध्या महिन्याचं जेवण गेलं. शिष्यवृत्तीचा किंवा वसतिगृह भत्त्याचा हप्ता उशिरा आला की पोराच्या हातात तेवढे पैसेच नसतात. मग ते फोनवर "अभ्यास आहे" म्हणून सांगतं.

पोरींना इथं सोय आहे. 17 मार्च 2023 पासून एसटीत महिलांना अर्धं तिकीट आहे, साधी असो की शिवशाही. तेराशेचे साडेसहाशे होतात. पोरांना असं सरसकट काही नाही. पोरांचा 66.67 टक्के सवलतीचा मासिक पास गावाहून रोज जा-ये करणाऱ्यांसाठी आहे, तो इथं चालत नाही. एसटीच्या सवलतींच्या यादीत मात्र एक कलम आहे, जे फार कमी पोरांना माहीत असतं : मोठ्या सुट्टीत मूळ गावी जाणं-येणं, परीक्षेला जाणं आणि आजारी आईवडिलांना भेटायला जाणं, यासाठी विद्यार्थ्याला साध्या बसमध्ये 50 टक्के सवलत. शब्द नीट बघा, "मोठ्या सुट्टीत". म्हणजे दिवाळीला, उन्हाळ्यात. दसऱ्याच्या दोन दिवसांना हे कलम लागू धरता येत नाही. यासाठी कॉलेजचं पत्र लागतं, ते आठवडाभर आधीच मागून ठेवावं अन् आगारात दाखवून विचारून घ्यावं. ऐनवेळी गाडीत कंडक्टरशी वाद घालून काही मिळत नाही.

रेल्वेतही विद्यार्थ्यांची सवलत चालू आहे. मूळ गावी जाण्यासाठी सेकंड आणि स्लीपर क्लासला खुल्या प्रवर्गाला 50 टक्के, अनुसूचित जाती-जमातीच्या विद्यार्थ्यांना 75 टक्के. कॉलेजकडून सवलतीचा फॉर्म भरून, सही-शिक्का घेऊन स्टेशनच्या खिडकीवर तिकीट काढावं लागतं. तत्काळला ही सवलत मिळत नाही. 1 नोव्हेंबर 2024 पासून रेल्वेचं आगाऊ आरक्षण 60 दिवस आधी उघडतं, त्यामुळं सणाची तारीख कॅलेंडरवर बघून दोन महिने आधी तिकीट काढणाऱ्यालाच जागा मिळते.

खाजगी ट्रॅव्हल्सचा विषय वेगळाच. एरवी सहाशे-सातशेला मिळणारी सीट सणाच्या आदल्या दिवशी दुप्पट-तिप्पट होते. 27 एप्रिल 2018 च्या शासन निर्णयानुसार खाजगी गाडीला त्याच दर्जाच्या एसटी भाड्याच्या जास्तीत जास्त दीडपट घेता येतं. त्यापेक्षा जास्त घेतले तर आरटीओकडं तक्रार करता येते. त्यासाठी तिकीट किंवा मोबाईलवरची पावती जपून ठेवा. रोख देऊन, कागद न घेता गाडीत बसलं तर तक्रारीला काही आधारच राहत नाही, आणि पोरं नेमकं तेच करतात.

मागं राहिलेल्यांचं काय होतं?

कॉलेजचं हॉस्टेल, सरकारी वसतिगृह आणि पेठांतली किंवा उपनगरातली भाड्याची खोली, या तिन्हींचं सुट्टीतलं चित्र वेगळं असतं. सरकारी वसतिगृहात घरी जायचं तर गृहपालाकडं रजेचा अर्ज द्यावा लागतो. न सांगता निघून गेलं अन् दिवस वाढले तर प्रवेशावर बालंट येऊ शकतं. म्हणून "उद्या ये" असा फोन करण्याआधी पोराला अर्ज द्यायला एक-दोन दिवस मिळू द्या.

खोली घेऊन राहणाऱ्यांची खरी अडचण जेवणाची. मेसवाल्याचे आचारी, वाढपीही गावाकडचेच असतात, सणाला तेही जातात. बऱ्याच मेस रविवारी संध्याकाळी बंद असतातच, सणाला दोन-तीन दिवस सलग बंद राहतात. मग वडापाव अन् बिस्किटावर दिवस निघतो. सुट्टीत घरी जाणाऱ्यानं मेसवाल्याला आधी सांगितलं तर "खाडा" धरतात, म्हणजे न खाल्लेल्या दिवसांचे पैसे कापतात किंवा पुढच्या महिन्यात वळते करतात. पण एक दिवसाचा खाडा सहसा धरत नाहीत. किती दिवसांचा धरतात, हे पैसे भरतानाच विचारून ठेवावं. आदिवासी विकास विभागाच्या शहरांतल्या वसतिगृहांत 2018 पासून जेवणाचे पैसे थेट खात्यात येतात. तिथल्या पोरांनाही मेस बंद झाली की बाहेरच शोधाशोध करावी लागते.

पोरींच्या हॉस्टेलबाबत घरच्यांनी जरा जास्त चौकशी करावी. सुट्टीत मजल्यावर दोन-तीनच पोरी उरतात. रेक्टर बाई हजर आहेत का, रात्रीचा वॉचमन आहे का, उरलेल्या पोरींना एकाच मजल्यावर एकत्र ठेवलं आहे का, हे फोन करून विचारण्यात काही गैर नाही. रात्रीच्या गाडीनं एकटीला बोलावण्यापेक्षा आपल्या भागातल्या दोघी-तिघींनी मिळून निघालेलं बरं. वाकडेवाडीच्या स्टँडवर पहाटे उतरल्यावर उजाडेपर्यंत स्टँडवरच थांबायचं, हेही आधी ठरलेलं असावं.

दुखण्याचं मात्र हलक्यात घेऊ नये. पावसाळ्याच्या शेवटी पुण्यात डेंग्यूची साथ असते. खोलीतले बाकीचे गावी गेलेत अन् एकटं पोरगं तापानं फणफणलं, अशी वेळ येते तेव्हा घरी कळायला दोन दिवस लागतात. सुट्टीत थांबलेल्या पोराला रोज ठरल्या वेळी एक फोन करावा. त्याच्या खोलीमालकाचा, गृहपालाचा अन् एका मित्राचा नंबर घरी वहीत लिहून ठेवावा, नुसता मोबाईलमध्ये नको. रुग्णवाहिकेसाठी 108, कोणत्याही संकटात 112.

आणि फराळाचं. पोरगं येत नसेल तर डबा जाऊ शकतो. बरेच जण पुण्याला निघालेल्या गावातल्याच पोराजवळ किंवा ओळखीच्या गाडीवाल्याजवळ चिवडा, शंकरपाळ्याचा डबा देतात. एसटीनं पार्सलही जातं. डब्यावर पोराचं नाव, मोबाईल नंबर मोठ्या अक्षरात लिहावा, झाकणाला पट्टी मारावी अन् गाडीचा नंबर पोराला लगेच कळवावा, कारण गाडी पहाटे पोचते आणि डबा घ्यायला स्टँडवर त्यालाच जावं लागतं.