जवसाची चटणी

जवसाची चटणी ही भाजलेले जवस, सुकी लाल मिरची, लसूण व मीठ कुटून केली जाणारी कोरडी चटणी आहे. विदर्भात, विशेषतः भंडारा जिल्ह्यातील लाखनी, साकोली, लाखांदूर, पवनी या धानपट्ट्यात व लगतच्या जिल्ह्यांत, ती घरोघरी केली जाते. जेवताना तिच्यावर कच्चे तेल घेण्याची रीत आहे.

नाव व वनस्पती

जवस हे लिनम युसिटाटिसिमम या वनस्पतीचे तेलबी होय. मराठीत त्यास अळशी असेही म्हणतात. अमरकोशात अतसी, उमा व क्षुमा ही तिची नावे आली आहेत. तिच्या खोडापासून निघणाऱ्या धाग्याच्या वस्त्रास संस्कृतात क्षौम म्हणतात. रोप साधारण गुडघ्याएवढे वा थोडे अधिक उंच होते. फुले बहुधा निळी असतात, तर बोंडांतील बी चपटे, चकचकीत व तपकिरी असते.

धानाच्या बांधीतील जवस

या भागात जवस प्रामुख्याने उतेरा पद्धतीने घेतले जाते. धान कापणीस आले की कापणीपूर्वी सुमारे दोन आठवडे, उभ्या पिकातच ओलसर बांधीत बी फेकून पेरतात. नांगरणी करावी लागत नाही व स्वतंत्र पाणीही द्यावे लागत नाही. धान कापले जाईपर्यंत जवसाची रोपे रुजलेली असतात. पुढे जमिनीतील उरलेल्या ओलाव्यावर व हिवाळ्यातील दवावर पीक वाढते आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये काढणीस येते. लाखोळी, हरभरा व वाटाणा हीदेखील उतेऱ्याची पिके आहेत. घरच्या बांधीतील जवसाचा काही भाग तेलासाठी घाण्यावर जाई आणि काही चटणीसाठी राखला जाई.

साहित्य

जवस १ वाटी, सुक्या लाल मिरच्या ६ ते ८, लसणाच्या १० ते १२ पाकळ्या, जिरे १ लहान चमचा व चवीपुरते मीठ. काही घरांत तीळ, सुके खोबरे वा कढीपत्ताही घालतात.

कृती

१. जवस निवडून व पाखडून घ्यावेत. ते धुऊ नयेत. पाणी लागताच बियांच्या सालीतून बुळबुळीत चिकट द्रव सुटतो आणि त्या एकमेकींस चिकटतात.

२. लोखंडी कढईत मंद आचेवर जवस सतत हलवत कोरडेच भाजावेत. ४ ते ६ मिनिटांत ते तडतडू लागतात व किंचित फुगतात. बिया बाहेर उडत असल्याने वर सैल झाकण धरावे. तडतड ओसरू लागताच कढई उतरवून जवस ताटात पसरावेत. अधिक भाजल्यास चटणी कडू होते.

३. त्याच कढईत मिरच्या, जिरे व लसूण निरनिराळे भाजावेत. लसणातील ओलावा जाणे आवश्यक आहे, अन्यथा चटणी टिकत नाही.

४. सर्व जिन्नस पूर्ण थंड झाल्यावर प्रथम मिरची, मीठ, जिरे व लसूण कुटावेत आणि शेवटी जवस घालावेत. उखळ वा खलबत्ता उत्तम. मिक्सर वापरल्यास तो थांबत थांबत फिरवावा. गरम जवस वाटल्यास अथवा यंत्र सलग चालविल्यास तेल सुटून गोळा होतो. चटणी भरडच असावी.

तेल घेण्याची रीत

ताटात चटणी वाढून तिच्यात बोटाने खळगा करतात व त्यात कच्चे जवसाचे, तिळाचे वा शेंगदाण्याचे तेल ओततात. भाकरी, पोळी अथवा भातासोबत ती खातात. सोबत कच्चा कांदा असतो.

चीनच्या ग्वांगडाँग प्रांतातील आले व कांद्याच्या पातीची चटणी याबाबतीत तुलनेस घेण्याजोगी आहे. तेथे बारीक चिरलेले आले, पात व मीठ यांवर कडकडीत तापवलेले तेल ओततात, कारण कच्च्या पदार्थांचा उग्रपणा कमी करून सुगंध खुलविण्याचे काम तेलाची उष्णता करते. जवसाच्या चटणीत हे काम भाजण्यानेच झालेले असते. शिवाय जवसाचे तेल अधिक उष्णतेने बिघडते. म्हणून येथे तेल न तापवताच घेतात. भारतातील जवळचा पदार्थ म्हणजे उत्तर कर्नाटकातील अगसी चटणीपुडी.

पोषण व दक्षता

जवसात सुमारे ४० टक्के तेल असते व त्या तेलाचा निम्म्याहून अधिक भाग अल्फा-लिनोलेनिक आम्ल या ओमेगा-३ स्निग्धाम्लाचा असतो. प्रथिने सुमारे १८ टक्के असतात. बीचे कवच कठीण असल्याने अखंड जवस पुष्कळदा न पचताच बाहेर पडतात. कुटल्याने हा दोष दूर होतो.

ज्या स्निग्धाम्लामुळे जवस पौष्टिक ठरतात, त्यामुळेच चटणी लवकर खवट होते. जवसाचे तेल हवेतील प्राणवायूशी संयोग पावून घट्ट होते; याच गुणामुळे ते रंग व रोगणात वापरतात. चटणीस ऑइलपेंटसारखा वास वा कडवट चव आल्यास ती टाकून द्यावी. अखंड जवस अनेक महिने टिकतात, म्हणून चटणी दोन-तीन आठवडे पुरेल इतकीच करावी व कोरड्या, घट्ट झाकणाच्या बरणीत ठेवावी.

कच्च्या जवसात सायनाइड निर्माण करू शकणारे घटक अल्प प्रमाणात असतात. भाजल्याने हा धोका कमी होतो. कच्ची पूड मोठ्या प्रमाणात खाणे टाळावे. जवसात तंतू भरपूर असल्याने सोबत पुरेसे पाणी प्यावे.

सद्यस्थिती

सिंचनाची सोय झालेल्या बांधीत उन्हाळी धान घेतले जाते. यंत्राने कापणी केल्यास उतेऱ्याची कोवळी रोपे चाकांखाली दबतात. सोयाबीन व पाम तेल स्वस्त मिळू लागल्याने घाण्याचे जवस तेलही मागे पडले. या कारणांनी जवसाचा पेरा घटला आहे. डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाच्या नागपूर केंद्राने एनएल-९७ व पीकेव्ही एनएल-२६० ही जवसाची वाणे विकसित केली आहेत. चटणी आजही केली जाते. मात्र तिचे जवस पूर्वी घरच्या बांधीतून येत, ते आता अनेक घरांत किराणा दुकानातून येतात.