पुढे काहीच नसताना गाड्या का थांबतात?

पुणे-नाशिक महामार्गावर मोशी ओलांडून चाकणकडे निघाले, की तळेगाव चौकाच्या बऱ्याच अलीकडे गाड्या थबकतात. रखडत पुढे सरकावे, तर तिथे ना अपघात, ना बंद पडलेला कंटेनर. मग एवढा वेळ अडले कशाने?

चाकणच्या कोंडीची ढोबळ कारणे सर्वांना ठाऊक आहेत: अपुरा रस्ता, चौकात वळणारे ट्रेलर, शिफ्ट सुटण्याची वेळ. ती दूर व्हायलाच हवीत. पण कोंडीचा एक भाग चालकांच्या ब्रेकवरच्या पायातून जन्मतो.

गीझरखाली अंघोळ करताना पाणी गार लागले म्हणून आपण गरम नळ जोरात सोडतो. पाणी नळीतून यायला काही सेकंद लागतात. तेवढ्यात आपण नळ आणखी सोडलेला असतो. मग चटका बसतो, आपण नळ आवळतो आणि पुन्हा गारठतो. दुरुस्ती जोरकस आणि उशिरा झाली, की तीच बिघाड वाढवते. याला अभियंते प्रतिपोषणाची अस्थिरता म्हणतात.

टेलिफोनच्या ध्वनिवर्धकांत हीच अडचण होती. अमेरिकेतील हॅरी नायक्विस्ट यांनी 1932 मध्ये तिच्यासाठी कसोटी दिली. यंत्रणेला आधी संथ, मग जलद हेलकावे द्यायचे. प्रत्येक हेलकावा परत येताना किती मोठा होतो आणि किती मागे पडतो, ते मोजायचे. दुरुस्ती बरोबर अर्ध्या आवर्तनाने उशिरा आली आणि तिचा जोर मूळ चुकीपेक्षा कमी नसला, तर ती चुकीला विरोध न करता तिलाच ढकलू लागते. झोपाळ्याला नेमक्या वेळी दिलेल्या धक्क्यासारखे.

गाड्यांच्या रांगेत प्रश्न थोडा वेगळा आहे: पुढून आलेला हेलकावा प्रत्येक गाडी मागे धाडताना वाढवते की घटवते? क्षणिक धक्के बहुधा जिरतात. संथ हेलकावे मात्र वाढू शकतात, कारण पुढचा मंदावल्याचे लक्षात येऊन ब्रेक दाबेपर्यंत साधारण सेकंदभर जातो आणि तो वेळ भरून काढायला आपण जरा जास्तच दाबतो. समजा प्रत्येक चालक वेगातली घट फक्त 10 टक्क्यांनी वाढवतो. पुढच्याने ताशी 5 किलोमीटरने वेग कमी केला, तर विसाव्या गाडीला तो सुमारे 33 ने कमी करावा लागेल. चाळीसच्या वेगात चाललेली रांग जवळपास थांबलीच! हीच घट प्रत्येकाने 10 टक्क्यांनी कमी केली, तर विसाव्या गाडीला काही जाणवणारही नाही.

जपानमधील संशोधकांनी हे प्रत्यक्ष दाखवले. 230 मीटर परिघाच्या वर्तुळाकार मार्गावर 22 गाड्या सारख्या वेगाने चालवायच्या होत्या. सिग्नल नाही, चौक नाही. तरीही थोड्याच वेळात कोंडी उभी राहिली आणि ताशी सुमारे 20 किलोमीटर वेगाने मागे सरकू लागली. हे निष्कर्ष 2008 मध्ये प्रसिद्ध झाले.

पुढच्या गाडीशी अंतर आपोआप राखणारे क्रूझ कंट्रोल आले की हे मिटेल, असे वाटणे साहजिक आहे. अमेरिकेत अशा सात मॉडेलांची चाचणी झाली, तेव्हा सातही हेलकावे वाढवणारी निघाली. नियंत्रकाची मांडणी त्या दृष्टीने केली नसेल, तर यंत्रही माणसासारखेच चुकते.

ॲरिझोनातील प्रयोगात मात्र वर्तुळात फिरणाऱ्या वीसेक गाड्यांपैकी एकच गाडी संगणकाने संथ, समान वेगात चालवली. पुढे अंतर वाढले तरी ती झेपावत नव्हती. तेवढ्याने लाट विरली, जोरात ब्रेक मारण्याचे प्रकार जवळपास संपले, इंधनही वाचले. चाकणला असे अंतर सोडले की त्यात लगेच दुचाकी शिरते, हे खरेच. तरी एक दुचाकी शिरल्याने जाणारे अंतर ॲक्सिलरेटरवरचा पाय थोडा आधी उचलून पुन्हा मिळवता येते. ब्रेकचा दिवा लागत नाही आणि मागच्याला दचकायला कारण उरत नाही.