‘डिफर’ म्हणजे माफ नव्हे! धंद्यात लागणारे तीन इंग्रजी शब्द



‘सर, तुम्ही बीबीए, तुमचं इंग्रजी पक्कं असणार,’ असं ट्रेनिंगमध्ये बरेच जण म्हणतात. आज खरं सांगतो. एक इंग्रजी शब्द मला २४,००० रुपयांना पडलाय.

मार्च २०२०. लॉकडाऊन, दुकानाचं शटर खाली. रिझर्व्ह बँकेने बँकांना कर्जाच्या हप्त्यांवर तीन महिने मोरेटोरियम, म्हणजे स्थगिती, द्यायची मुभा दिली. पुढे ती ३१ ऑगस्टपर्यंत वाढली. मेसेजमध्ये लिहिलं होतं ‘डिफर’. मी समजलो, माफ! शेजारच्या दोन दुकानदारांनाही तसंच सांगितलं. त्याचं आजही वाईट वाटतं.

माझं मुद्दल बाकी होतं ४ लाख, व्याज १२ टक्के. म्हणजे महिन्याला ४,००० रुपये. हप्ता थांबला, व्याज थांबलं नाही. सहा महिन्यांचे झाले २४,०००. व्याजावरचं व्याज नंतर परत मिळालं, पण मूळ व्याज भरावंच लागलं. आणि हप्ते भरण्यापुरते पैसे तेव्हा माझ्या खात्यात होते!

म्हणून हे तीन शब्द वहीत लिहाच:

१. डिफर – पुढे ढकलणे. समानार्थी: पोस्टपोन. विरुद्धार्थी: प्रीपोन.

२. वेव्ह – आपला हक्क किंवा येणं सोडून देणे. समानार्थी: फोरगो. विरुद्धार्थी: एनफोर्स. (उच्चार लाटेच्या ‘वेव्ह’सारखाच, स्पेलिंगमध्ये मात्र ‘आय’ आहे.)

३. अक्रू – हळूहळू साठत जाणे. व्याज असंच चढतं. समानार्थी: अक्युम्युलेट. विरुद्धार्थी: ड्विंडल, म्हणजे घटत जाणे.

आता गंमत बघा. ‘डिफर’ आणि ‘वेव्ह’ दोन्ही ऐकायला सवलतच वाटतात. पण पहिल्यात देणं उभंच राहतं, दुसऱ्यात ते संपतं. समानार्थी शब्दाने अर्थ पटकन कळतो. विरुद्धार्थी शब्द शोधला की तो कुठे संपतो तेही कळतं.

पाचशे शब्दांची यादी पाठ करू नका. तुमचं लोनचं पत्र, दुकानाचा भाडेकरार, सप्लायरचं कोटेशन, यांतला एक कागद आज काढा. अडलेले तीन शब्द घ्या. वहीत पाच रकाने पाडा: शब्द, अर्थ, समानार्थी, विरुद्धार्थी आणि शेवटचा – ‘यात पैसे कोणाच्या खिशातून जाणार?’

तो पाचवा रकाना भरता येत नसेल, तर सही करू नका. आधी विचारा. विचारायला लाज कसली? मी विचारलं नाही, त्याचे २४,००० मोजले.