पट 12, वाचणारे 40 टक्के : म्हणून शाळा बाद?

नांदेड जिल्ह्यातल्या लोह्याच्या बाजारात, एसटी स्टँडवर, लग्नाच्या पंगतीत एक बोलणं हमखास कानावर पडतं : ‘तांड्यावरच्या झेडपीच्या शाळंत काय राहिलंय? दहा-बारा लेकरं, निम्म्याला वाचता येईना. बंद करा अन् लोह्याच्या इंग्लिश स्कूलला घाला.’ बोलणारा पुरावाही देतो. तिथं तिसरीत 40 टक्केच वाचतात, इंग्लिश स्कूलमध्ये 90. आकडा फेकला की वाद मिटला, अशी त्याची खात्री असते.

मिटत नाही. आधी सांगा, त्या तिसरीत मुलं किती? पाच असतील, तर दोन वाचतात म्हणून 40 टक्के. आणखी एक वाचायला लागला की तीच शाळा 60 वर. वाचणाऱ्या दोघांतली एक मुलगी शाळा सोडून मामाच्या गावी गेली की 25 वर. गुरुजी तेच, फळा तोच, पुस्तकं तीच. पाच मुलांच्या टक्केवारीवरून शाळा जोखणं म्हणजे नाणं पाचदा उडवून ते खोटं आहे की खरं हे ठरवणं.

या घोळात आपणच सापडतो असं नाही. अमेरिकेत सर्वाधिक गुणांच्या शाळांत लहान शाळा जास्त दिसतात, यासारख्या निरीक्षणांचा आधार घेत गेट्स फाउंडेशननं 2000 नंतर लहान शाळा उभारण्यावर प्रचंड पैसा ओतला. पुढं हॉवर्ड वेनर या संख्याशास्त्रज्ञानं पेनसिल्व्हेनियाचे निकाल तपासले, तर यादीच्या तळाशीही लहान शाळांचीच गर्दी! मुलं थोडी असली की निकाल दोन्ही टोकांना झोके घेतो, त्यात शाळेची करामत नाही आणि गुन्हाही नाही.

बरं, आकडा सोडा. ही मुलं कोणाची, ते तरी बघाल? लोहा, कंधार, मुखेडच्या डोंगराळ पट्ट्यातली कितीतरी कुटुंबं दिवाळीच्या आसपास कोयता घेऊन ऊसतोडीला निघतात, कुणी पश्चिम महाराष्ट्रात, कुणी कर्नाटकात. परततात उन्हाळ्याच्या तोंडावर. म्हणजे दुसरं सत्र जवळजवळ गेलंच. गावात हंगामी वसतिगृह सुरू झालं किंवा आजी-आजोबा मागं राहिले तर लेकरू शाळेत, नाहीतर उसाच्या फडावर. बंजारा घरातलं मूल पहिलीत येतं ते गोरमाटी बोलत. त्याला मराठी आधी कळायची असते, वाचायची नंतर. ज्यांची ऐपत आहे त्यांनी ऑटो लावून मुलगा लोह्याला धाडलेला असतो, मुलगी गावच्या शाळेत. खासगी शाळेत मुलग्यांचं प्रमाण मुलींपेक्षा जास्त, हे ग्रामीण शिक्षणाचा अंदाज घेणाऱ्या ‘असर’च्या पाहण्यांत वर्षानुवर्षं दिसतंय. एवढं सगळं झाकून दोन शाळांचे टक्के शेजारी मांडायचे आणि वर ‘आकडे खोटं बोलत नाहीत’ म्हणायचं!

शंका असेल त्यांच्यासाठी दाखला शेजारच्या राज्यातला आहे. अविभाजित आंध्र प्रदेशात कार्तिक मुरलीधरन आणि व्यंकटेश सुंदररामन या अभ्यासकांनी चिठ्ठ्या टाकून काही मुलांना खासगी शाळेची फी दिली. नंबर न लागलेली मुलं बहुतांश सरकारी शाळेतच राहिली. घरची परिस्थिती दोन्हीकडे सारखी. 2015 साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा : चार वर्षांनंतर तेलुगू आणि गणितात दोन्ही गटांत फरक नाही. हिंदीत खासगीवाले पुढे होते, कारण तिथं हिंदी शिकवली जात होती. खासगी शाळांचा दरडोई खर्च सरकारीच्या तिसऱ्या हिश्श्याहून कमी होता, हेही लपवायचं कारण नाही. पण ‘खासगीत घातलं की पोरगं हुशार होतं’ हा दावा तिथं टिकला नाही.

बारावीच्या निकालांसाठी गाजलेल्या लातूर पॅटर्नकडेही एकदा असं बघा. दहावीला भरघोस गुण मिळवलेली मुलं ठिकठिकाणहून लातुरात येतात. शिकवणारे मेहनत घेतात यात वाद नाही, पण निवडूनच घेतलेल्या मुलांचा निकाल आणि तांड्यावर येईल त्या प्रत्येक लेकराला घेणाऱ्या शाळेचा निकाल एका तराजूत कसा घालणार?

याचा अर्थ लहान शाळांत सगळं आलबेल आहे असा कुणी काढू नये. ‘असर 2024’नुसार देशातल्या ग्रामीण सरकारी शाळांत तिसरीच्या 23.4 टक्केच मुलांना दुसरीचा मजकूर वाचता येतो. ही लाज वाटावी अशीच गोष्ट आहे. शिक्षण हक्क कायद्यात 60 मुलांपर्यंत दोन शिक्षक. एक जण निवडणुकीच्या कामाला किंवा प्रशिक्षणाला गेला की दुसरा सगळे वर्ग एकटा हाकतो. पण हे दुखणं माणसांच्या नेमणुकीचं आहे, त्यावर शाळेला कुलूप हा उपाय नव्हे.

आणि कुलूप किती शाळांना लावणार? 2023 मध्ये लहान शाळा एकत्र करून समूहशाळा करण्याचा घाट घातला गेला तेव्हा राज्यात वीसपेक्षा कमी पटाच्या 14,783 शाळा होत्या, त्यांत 1,85,467 मुलं. पहिली ते पाचवीची शाळा एक किलोमीटरच्या आत हवी, हे शिक्षण हक्काच्या नियमांतच आहे. ओढा ओलांडून दूरच्या शाळेत सहा वर्षांची मुलगी रोज कशी जाणार, हे बंदची मागणी करणाऱ्यांनी आधी सांगावं.

बाकीचे गैरसमज झटपट. ‘आठवीपर्यंत नापासच करत नाहीत’ : जुनी गोष्ट, डिसेंबर 2023 पासून महाराष्ट्रात पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा उत्तीर्ण व्हावी लागते. ‘पोरं खिचडीसाठी येतात’ : येऊ द्या की, उपाशी लेकराला काय शिकवणार? ‘इंग्रजी माध्यम म्हणजे दर्जा’ : पाटीवरची भाषा बदलल्यानं शिकवणं बदलत नाही.

तेव्हा टक्के विचारू नका. जूनमध्ये या मुलाला किती वाचता येत होतं आणि आता किती येतं, हे विचारा. समोर दुसरीचं पुस्तक ठेवा आणि ऐका. शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन चतुर्थांश जागा पालकांच्याच असतात, त्यामुळे हे विचारायला कुणाची परवानगी लागत नाही. खासगी शाळेत फी भरत असाल, तर तिथंही हाच प्रश्न विचारा.